पहिली पोरगीच होऊ दे

२४ नोव्हेंबर १९९८
खैरबोडी

एकदाची सासरी पोचले. छोट्या लाईनच्या गाडीनं नागपूरहून नागभीडला यायला जेवढा वेळ घेतला, तेवढ्यात आमच्या अमरावतीत दोन लग्नं लागून पंगती उठल्या असत्या. उतरले तेव्हा नव्या शालूवर इतकी धूळ होती की प्रफुलनं मला रुमालानं चक्क झटकलं, वर्गातला फळा पुसावा तसं. स्टेशनावरची माणसं बघत राहिली आणि आम्ही दोघं हसत सुटलो.

या भागात मी आले होते नोकरीच्या मुलाखतीला. तालुक्याच्या कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवायची जागा होती आणि प्रफुल तिथं गणित शिकवतो. नोकरी मिळाली तासिका तत्त्वावरची, म्हणजे अर्धीमुर्धी, आणि नवरा मिळाला पूर्णवेळ. सौदा वाईट नाही. एवढ्या जंगलात पोरगी देता का, म्हणून मावश्यांनी नाकं मुरडली, पण मला हा माणूस आवडला तो आवडलाच. माझं वाक्य संपायच्या आत तो हसतो.

घर तलावाच्या पाळीला, म्हणजे बांधाला, टेकून आहे. कवेलूचं छप्पर, सारवलेलं मोठं अंगण, ओसरीवर वाळत टाकलेली जाळी. तलावात सोसायटीची मासेमारी आणि घरच्या शिंगाड्याच्या वेली. मी पाय धुवायच्या आत कुणीतरी उकडलेल्या शिंगाड्यांची टोपली पुढ्यात ठेवली, आणि नवरीनं लाजायचं असतं हे विसरून मी अर्धी संपवली.

माणसं मोजकीच. सासूबाई भागीरथाबाई, अंगानं चिमूटभर आणि आवाजानं मोठ्या. थोरली जाऊ रुखमाताई, फार बोलत नाही. तिची मुलगी सोनू दुसरीत आहे. आणि भासरे, प्रफुलचे मोठे भाऊ सुरेंद्र. ते वनरक्षक होते. अहेरीकडे असताना मेंदूचा मलेरिया झाला आणि तेव्हापासून ते असे आहेत, हे प्रफुलनं लग्नाआधीच सांगितलं होतं. ते बोलत नाहीत. दिवसभर अंगणात फेऱ्या मारतात आणि त्यांच्या चपला चटक चटक वाजत राहतात.

ओटी भरताना मोठी गंमत झाली. आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, कुंकू लावलं आणि अख्ख्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, ‘पयली पोरगीच होऊ दे वो माय!’ जमलेल्या बायांनी माना डोलावल्या. मी गारच पडले. एम. एस्सी. झालेल्या माझ्या मावसबहिणीच्या सासरी अजून मुलासाठी उपास चालतात, आणि इथं तलावाकाठी हे सुधारक घर! अमरावतीला आईला पत्रात हे आधी कळवणार आहे.

३ डिसेंबर

कॉलेज बरं आहे. मुलं लांबून सायकली मारत येतात आणि दुसऱ्या तासाला पेंगतात. प्रयोगशाळेत एकच सूक्ष्मदर्शक आहे, त्याला मी ‘आजोबा’ नाव दिलंय. जाताना-येताना स्कूटरवर प्रफुलच्या पाठीला टेकून बसते आणि वाटेतल्या शेतांत रचलेल्या धानाच्या पुंजण्यांकडे बघत येते. मला इथं सुखात राहता येईल असं वाटतं.

घरातली एक गोष्ट मात्र मला कळत नाही. रुखमाताई गावभर मोकळ्या तोंडानं फिरते. बाजारात मासळी विकते, सोसायटीच्या अध्यक्षांशी भावावरून भांडते. पण नवऱ्यासमोर जायचं झालं की पदर पार हनुवटीपर्यंत ओढते. ताट वाढताना, आंघोळ घालताना, औषध देतानासुद्धा. लोक सासऱ्यासमोर, भासऱ्यासमोर पदर घेतात. स्वतःच्या नवऱ्यासमोर घेणारी बाई मी पहिल्यांदाच पाहिली. मी थट्टा केली, म्हटलं, एवढ्या वर्षांनी अजून लाजता होय? ती हसली नाही. सवय झाली म्हणाली आणि भांडी घासायला लागली.

ती पदराआडून सतत बोलत मात्र असते. इथी बसा, हात वर करा, मी रुखमा हावो. प्रत्येक वाक्याला आपलं नाव सांगते.

२० डिसेंबर

आज प्रफुलची मी भरपूर खेचली. कॉलेजातून निघालो आणि साहेबांनी स्कूटर सरळ ब्रह्मपुरीच्या रस्त्याला घातली. मला वाटलं फिरवायला नेतोय, म्हणून मी गप्प. बऱ्याच अंतरावर थांबला, इकडेतिकडे पाहिलं आणि मला विचारलं की तलाव कुठं गेला. मी हसून लोळायची बाकी होते. तोही हसला, पण हँडलवरचे त्याचे हात घामेजलेले होते. डिसेंबरात.

परवा बारावीच्या वर्गात एक गणित त्यानं मधेच सोडून दिलं, असं मुलं सांगत होती. घरी आल्यावर मी आईंना म्हटलं की तुमच्या लेकाला चष्मा लावा, नाहीतर बदाम खाऊ घाला. त्यांनी हातानंच उडवून लावलं. ‘त्याले काई होत नाई. मोठ्याचं होऊन गेलं ना. हा तं लहाना हाये.’

हे कसलं उत्तर? मोठ्याला मलेरिया झाला म्हणून धाकट्याचं डोकं शाबूत? मी विचारणार होते, पण त्या उठून गेल्या.

१५ जानेवारी १९९९

काल संक्रांत, आणि काल सकाळीच मला खात्री झाली. दिवस गेलेत! प्रफुलला सांगितलं तर त्यानं मला उचलायचा प्रयत्न केला आणि दोघंही धान साठवायच्या ढोलीवर आदळलो. आई तडक पाळीवरच्या देवीला गेल्या, पोरगी होऊ दे म्हणून नवस बोलून आल्या.

संध्याकाळी हळदीकुंकवाला शेजारच्या बायनाबाई आल्या होत्या. पिकल्या केसांच्या, तोंडाळ, मला आवडतात. मी कौतुकानं म्हटलं, आमच्या घरात मुलीचा केवढा मान बघा. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी भलतंच काहीतरी बोलले. मग तिळगूळ तोंडात ठेवून सगळं सांगितलं. या घरातला मोठा पोरगा चाळिशीच्या अलीकडे कोरा होतो. आधी वाटा विसरतो, मग माणसं, मग घास गिळायचं विसरतो. प्रफुलचा आजा तसाच गेला. बाप तसाच गेला. आता सुरेंद्र. ‘देवी मोठ्या पोराले घेते वो बाई, लहान्याले हात नाई लावत. पयली पोरगी झाली तं घर सुटते.’ सोनू झाली तेव्हा गावजेवण घातलं होतं म्हणे.

म्हणजे मलेरिया नव्हताच.

प्रफुलला मी फैलावर घेतलं. तो खाली मान घालून म्हणाला की बाहेर मलेरियाच सांगतात, नाहीतर उद्या सोनूशी लग्न कोण करेल. पण मला त्यात धोका काय, मी तर धाकटा. आजवर एकाही धाकट्याला झालेलं नाही. मी विचारलं, धाकटे किती होते? त्यानं मोजायला बोटं वर केली आणि तशीच राहू दिली. वडिलांचा धाकटा भाऊ विशीत साप चावून गेला. आजोबांना भाऊ नव्हते, बहिणी होत्या. त्या सिरोंचाकडे गोदावरीपलीकडे दिलेल्या, त्यांचं पुढं काय झालं कुणाला माहीत नाही. चाळिशी पाहिलेला धाकटा या घरात कधी झालेलाच नाही!

आणि हा गणिताचा मास्तर. वर्गात कुणी एका उदाहरणावरून नियम काढला तर खडू फेकून मारतो. मला ओरडायचं होतं, पण त्याच्या चेहऱ्यावर लबाडी नव्हती. लहानपणापासून त्याला हेच सांगितलंय आणि त्यानं ते कधी तपासलेलं नाही. मला आता भीती वाटतेय. ब्रह्मपुरीच्या रस्त्याची सारखी आठवण येतेय.

१९ फेब्रुवारी

डॉक्टरीणबाईंना दाखवायला म्हणून नागपूरला गेले, आणि तिथून रीताकडे. रीता माझी शाळेपासूनची मैत्रीण, आता पॅथॉलॉजी शिकवते. मी तिला सांगितलं की एका ओळखीच्या घराण्याबद्दल विचारायचंय.

तिनं मला एक काचपट्टी दाखवली. कुणा अनोळखी माणसाच्या मेंदूचा काप, लाल रंगवलेला. मग तिनं भिंग फिरवलं आणि लाल डागांच्या जागी हिरवीगार चमक आली, पोपटी, धानाच्या नुकत्या उगवलेल्या पऱ्ह्यासारखी. ते मला सुंदर दिसलं.

रीता सांगत गेली तसं मी आता लिहून ठेवते, म्हणजे डोकं ताळ्यावर राहील. मज्जापेशीच्या आवरणात मण्यांच्या माळेसारखं एक लांब प्रथिन खोचलेलं असतं. कात्रीसारखी विकरं त्याचे तुकडे पाडतात. हे माझ्याही डोक्यात चालतं, तुकडे धुऊन जातात, काही बिघडत नाही. पण काही घराण्यांत ती कात्रीच जन्मतः वाकडी येते. मग तुकडा दोन मणी लांब पडतो, आणि लांब तुकडा चिकट असतो. हा अमिलॉइड. एकाला एक चिकटून त्यांचे गोळे होतात आणि दोन पेशी जिथं एकमेकींशी बोलतात त्या फटीत जाऊन बसतात. आधी बोलणं बंद पडतं. मग पेशीत नको तेवढं कॅल्शियम शिरतं, आतले आधाराचे धागे गुंता होऊन कोसळतात, अन्नपाणी पोचत नाही आणि पेशी मरते. मग शेजारची.

आणि मी पाहिले ते डाग? ते कदाचित मागाहून साचलेला गाळ असेल, असं आता काही जण म्हणतायत. खरी हानी त्याआधीच झालेली असते, सुट्या फिरणाऱ्या, भिंगाखालीही न दिसणाऱ्या बारीक गोळ्यांनी. पहिली चूक व्हायच्या दहा-पंधरा वर्षं आधीपासून हे चालू असतं. म्हणजे मुलाखतीच्या दिवशी तो माझ्या विनोदावर हसला, तेव्हाही आत हे चालूच होतं.

मी विचारलं, मोठ्या मुलालाच होतं का? ती म्हणाली, छे. मोठा-धाकटा काही नाही, मुलगा-मुलगी काही नाही. आईला किंवा बापाला असलं की प्रत्येक मुलाच्या वेळी नाणं नव्यानं उडवायचं.

मग तिनं माझ्या पोटाकडे पाहिलं आणि कितवा महिना म्हणून विचारलं. वेळ आहे अजून, एवढंच म्हणाली. इलाज नाही आणि पोटात तपासायची सोय इथं नाही. मी गाडीत बसून सगळी वाट रडले. समोरच्या म्हातारीनं मला संत्रं सोलून दिलं.

३ मार्च

काल धुळवड. सगळे रंगले होते. मी आरशासमोर तोंड पुसत होते तर प्रफुल दारात येऊन उभा राहिला. मला म्हणाला, तुम्ही कोणाकडे आलात? मी रंगलेला गाल पुढं केला, म्हटलं, तुमच्याकडेच आलेय, मास्तर. तो हसला. पण मी बोलल्यावर हसला, माझ्याकडे पाहून नाही.

रंगामुळं असेल.

१६ मार्च

रंगामुळं नव्हतं.

तो मला अहो-जाहो करतोय. जेवताना ताट माझ्या हातून घेत नाही, आईंच्या हातून घेतो. आज आईंना हळूच विचारत होता की ह्या बाई किती दिवस राहणार आहेत. आई हसल्या. नवरा-बायकोचं भांडण आहे असं त्यांना वाटतं.

कॉलेजातून त्याला रजा घ्यायला लावली. प्राचार्यांना मी काय सांगितलं माहितीय? मेंदूचा मलेरिया. माझ्या तोंडून ते आपोआप निघालं.

दुपारी त्याला बसवत नाही. ओसरीवर येतो, अंगणात जातो, परत येतो. काल सोनू पाढे म्हणत होती आणि मी भाजी निवडत होते. एकदम लक्षात आलं की अंगणात दोघांच्या चपला वाजतायत.

२२ मार्च

रुखमाताईनं आज मला कोठीत नेलं आणि दंड दाखवला. खांद्याजवळ लांब व्रण आहे. भासऱ्यांना ती परकी दिसायला लागली होती. रुखमाचं तोंड लावून कोणी दुसरीच घरात शिरली, असं त्यांना वाटायचं. एक दिवस विळा घेऊन धावले. ती आठ-नऊ महिने माहेरी राहिली. परत आल्यावर दाराबाहेरून हाक मारली, तर ते आतून रडत म्हणाले, रुखमा, कुठी होतीस तू? आवाज ओळखला. समोर गेली तर पुन्हा तेच. तेव्हापासून पदर. ‘डोरे फसवते वो, कान नाई फसवत. तोंड झाकून बोलत राहाचं.’

मी नाक्यावरच्या एस.टी.डी.वरून रीताला फोन केला. तिनं सांगितलं की असं होतं. चेहरा ओळखीचा दिसतो, पण त्याबरोबर ‘हे आपलं माणूस’ ही जी ओढ आतून यायला हवी, ती वाट तुटते. मग मेंदू त्यातून एकच अर्थ काढतो, की कुणीतरी सोंग घेतलंय. कानाची वाट वेगळी आहे. ती पुष्कळदा नंतर तुटते.

मी रुखमाताईला इतके दिवस जुनाट समजत होते. आज तिच्या गळ्यात पडून रडले.

मला तिथंच पोटात पहिल्यांदा फडफडल्यासारखं झालं. आता मी काही काढून टाकणार नाही. ते ठरलं.

२ एप्रिल

आईंना सगळं सांगितलं. त्या मरळ मासा चिरत होत्या. मी सांगितलं की हे देवीचं नाही, रक्तातून येतं, मोठ्या-धाकट्याचा संबंध नाही. प्रफुललाही तेच झालंय. सोनूलाही होऊ शकतं. पोटात मुलगी असली म्हणून सुटका नाही.

त्यांनी हात थांबवला नाही. तुकडे टोपलीत टाकत म्हणाल्या, ‘माहे दोनी पोरं?’ मग म्हणाल्या की मी शिकलेली आहे म्हणून काहीही बोलते, नजर लावते. माझ्याशी बोलणं सोडलंय. मला त्यांचा राग येत नाही. सगळं आयुष्य त्यांनी एका लेकाला हिशेबातून सोडलं ते दुसरा हाती राहील म्हणून.

९ एप्रिल

आज पदर घेतला.

हनुवटीपर्यंत ओढून त्याच्याजवळ बसले आणि म्हटलं, मी कुंदा. त्यानं माझा हात धरला! कुंदे, किती दिवसांनी आलीस, म्हणाला. पोराचं नाव काय ठेवायचं ते बोलत बसला. मी विनोद केला आणि माझं वाक्य संपायच्या आत तो हसला. महिन्याभरात मी पहिल्यांदा पोटभर जेवले.

आई-बाबा माहेरी बोलावतायत. जाऊन काय करू? इथं दिवसातला थोडा वेळ तरी तो माझा असतो. चेहरा नसला म्हणून काय झालं.

१९ एप्रिल

तो मला तिच्याबद्दल सांगतो. हळू आवाजात, कानाशी. घरात एक बाई आहे, तुझ्या साड्या नेसते. तुझ्या कपातून चहा पिते. आई आणि रुखमा तिला सामील आहेत. कुंदे, तू दिवसा कुठं असतेस? तुला ती कुठं कोंडते?

मी म्हटलं, अशी कोणी नाही. त्यानं माझा हात सोडला.

उन्हं फार आहेत. तलाव निम्मा आटला. तो चालतोय. मीही त्याच्यामागून चालतेय, पदर घेऊन, बोलत बोलत. गप्प बसले की तो वळून बघतो.

२५ एप्रिल

आरशात स्वतःला पाहायची भीती वाटते. तो ज्या बाईला घाबरतो ती कशी दिसते हे मला माहीत आहे.

रुखमाताई म्हणाली, आता जाय. पोरासाठी जाय. ऐकलं. बाबांना फोन केला. माझा भाऊ सुनिल पाच तारखेला न्यायला येतोय.

२८ एप्रिल

वाढताना पदर घसरला. क्षणभरच.

तो ओरडला नाही. नीट पाहिलं त्यानं, तोंडाकडे आणि मग पोटाकडे. नंतर मी पदर घेऊन जवळ बसले तेव्हा मला कानात सांगितलं. त्याला तिची युक्ती कळलीय. तिनं तुझ्यासारखं पोटसुद्धा केलंय. बांधलंय काहीतरी पोटावर. लुगडं गुंडाळून असेल —

मी दोन्ही हात पोटावर धरून उठले. 

१ मे

झोप नाही. त्यालाही नाही.

आईंना म्हटलं, विळा, मासे चिरायची पावशी, सगळं कोठीत ठेवा, कुलूप लावा. त्या म्हणाल्या, माहा प्रफुल असा नाई. मोठा होता तसा. हा नाई.

रुखमाताईनं गुपचूप लावलं कुलूप. पण मासळीच्या घरात किती पाती असतात — कुठं कुठं —

पोटात बाळ फिरतंय. तेही एका जागी राहत नाही.

४ मे, दुपार

बाजाराचा दिवस. आई, रुखमाताई, सोनू तालुक्याला गेल्या. मासळी ठेवून चालत नाही या उन्हात. भासरे नेहमीसारखे अंगणात फेऱ्या मारतायत. बायनाबाई येऊन बसणार होत्या. अजून आल्या नाहीत.

सुनिल उद्या येतो. पिशवी भरलीय.

आतून कडी लावून बसलेय.

तो अंगणात होता, आता ओसरीवर आहे. मघाशी मी पाणी घ्यायला गेले तेव्हा त्यानं मला खोलीत परत येताना पाहिलं. उघड्या तोंडानं. गरमीनं जीव चालला होता म्हणून पदर —

हाक मारतोय. कुंदे. कुंदे वो. किती मायेनं हाक मारतोय. लग्नाच्या आधीसुद्धा अशी —

ओ दिली. द्यायला नको होती. वाटलं आवाज ऐकून शांत होईल. म्हटलं, मी आहे, कुंदा, इथंच आहे.

तो रडायला लागला. म्हणाला, तू आत आहेस? तिच्यासंग? मी पाहिलं तिला आत जाताना.

नाही म्हटलं. मी एकटी आहे म्हटलं. दुसरं कोणी नाही. तो म्हणतो, ती तुला तसं बोलायला लावते.

बायनाबाईंना ओरडून हाक मारली. तो बाहेरून म्हणाला, ओरडू नोको, कुंदे, मी आलो ना.

दार वाजवत नाही. कडीच्या बाजूला काहीतरी घालून फिरवतोय. हळू हळू. जाळ्याच्या गाठी सोडवताना करतो तसं, शांतपणे. मला धीर देतोय.

खिडकीला गज आहेत. पदर घेतलाय. 

गप्प बसले तर वाटेल की तिनं मला मारलं. बोलले तर —

बोलतेय. लिहितेय आणि बोलतेय. पोराचं नाव काय ठेवायचं विचारतेय. तो उत्तर देतोय बाहेरून. हसतोय.

वरचा खिळा निघाला.

म्हणतो, भिऊ नोको कुंदे, तुले काई नाई होऊ देत. पदर काढाले लाव तिले. मी वळखतो तिले. ते पोट खरं नाई, तिनं बांधलं हाये, मी आताच सोडतो ते —